सही करण्याआधी वाचा : नव्या मराठी लेखकासाठी कॉपीराइट, पायरी पायरीने

गणपतीच्या आदल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती एका आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला बसली होती, मागून कुणीतरी शूऽ शूऽ करत होतं. "मावशी, इथे तुझीच एकांकिका चाललीय. नाव वेगळंय, पण कुकरच्या शिट्टीवर भांडण थांबतं ना, ते सगळं तसंच्या तसं आहे." नऊ वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात आलेली माझी एकांकिका. पत्रिकेवर लेखक म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव.

त्यानंतर वर्षभर कागद जमवताना, वकिलांकडे हेलपाटे घालताना मला दोन गोष्टी कळल्या. एक, माझा हक्क शाबूत होता, त्यासाठी मी आधी काहीच केलेलं नसलं तरी. दुसरी जरा लाजिरवाणी. त्या मुलांनी माझं जेवढं नेलं होतं, त्याहून कितीतरी जास्त मी स्वतः एका पानाच्या कागदावर सही करून देऊन बसले होते, आणि तेही प्रकाशकाकडचा चहा पीत. म्हणून चोरीपेक्षा सहीवर जास्त लिहिते आहे. मी वकील नाही. मोठा व्यवहार असेल तर वकिलाला दाखवाच. पण त्याच्याकडे जाताना काय विचारायचं हे तरी ठाऊक असावं.

पायरी १ : हक्क कधी तयार होतो आणि कशावर

आपल्याकडे कायदा आहे कॉपीराइट अधिनियम, १९५७. त्यानुसार तुम्ही कथा, कविता, नाटक, लेख लिहून काढला (कागदावर, मोबाइलवर, कुठेही) की हक्क तयार झाला. नोंदणी सक्तीची नाही. वर्तुळातला 'सी' छापला नाही म्हणून काही बिघडत नाही. भारत १९२८ पासून कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आहे, त्यामुळे त्या करारातल्या इतर देशांतही तुमच्या लेखनाला वेगळी नोंदणी न करता संरक्षण मिळतं.

मात्र हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. 'सासू-सुनेचं भांडण' हा विषय माझ्या बापजाद्यांचा नाही. आपल्या नाटकावरून दुसऱ्यांनी सिनेमा काढला म्हणून नाटककार आर. जी. आनंद यांनी दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो फेटाळला, पण कसोटी घालून दिली ती आजही वापरतात : दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे असं स्पष्ट वाटतं का? माझ्या बाबतीत प्रसंगांचा क्रम, पात्रांची नाती, निम्मे संवाद आणि तो कुकर, सगळं एकाच जागी होतं. तिथे माझी बाजू भक्कम झाली.

शीर्षकावर हक्क नसतो. हे पुष्कळ जणांना पटत नाही, पण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सिनेमाच्या नावाच्या वादात तसं स्पष्ट सांगितलं आहे. तुमच्या कथेचं नाव दुसऱ्याने घेतलं तर रागवा, पण नोटीस पाठवू नका.

मुदत : लेखकाचं आयुष्य आणि मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं नाटक करायचं तर २०२९ संपेपर्यंत परवानगी लागणार. "जुनं आहे, कोण विचारतंय" म्हणणारे आयोजक इथेच फसतात.

टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी (आणि मराठीत ती परंपरा मोठी आहे) एक लक्षात ठेवावं. खरं नाव कधीच उघड झालं नाही, तर ६० वर्षं मृत्यूपासून नव्हे, प्रकाशनापासून मोजतात. तरुणपणी लिहिलेल्या कवितेची मुदत अशाने बरीच आधी संपू शकते.

पायरी २ : तारखेचा पुरावा आजच तयार करा

हक्क आपोआप मिळतो, पण 'आधी कुणी लिहिलं' हे सिद्ध करावं लागतं. मला उपयोगी पडलं ते असं : दिवाळी अंकाची प्रत, संपादकांशी झालेला मेल ज्याला मूळ फाइल जोडलेली होती, आणि खाडाखोड केलेली वही. ती वही मी घर बदलताना रद्दीत घालणार होते. खरडे टाकू नका. पक्कं झालेलं लेखन स्वतःलाच मेल करून ठेवा आणि तो मेल पुसू नका.

एकांकिका, नाटक, पटकथा लिहीत असाल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्य होऊन तिथे संहिता नोंदवता येते. तो तारखेचा पुरावा असतो, सरकारी कॉपीराइट नोंदणी नव्हे.

आता गैरसमज. स्वतःच्या पत्त्यावर बंद पाकीट रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून ते न उघडता ठेवायचं, हा उपाय मला चार जणांनी सांगितला. पाकीट आधी पाठवून आत नंतर काहीही भरता येतं हे समोरच्या वकिलालाही ठाऊक असतं. त्यावर विसंबू नका. आयएसबीएन मिळाला म्हणजे कॉपीराइट झाला, हा दुसरा. तो फक्त पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची दिल्लीची संस्था तो मोफत देते. आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र म्हणजे प्रयोगाची परवानगी. मालकीशी त्याचा संबंध नाही.

पायरी ३ : हक्क तुमचाच आहे ना?

पगारी नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं साधारणपणे मालकाचं. वर्तमानपत्रात किंवा मासिकात नोकरीला असाल तर अंकात छापण्यापुरता हक्क त्या मालकाचा, बाकीचा तुमचा. करारात वेगळं लिहिलेलं असेल तर ते लागू.

बाहेरून मजकूर पाठवणारा लेखक यात येत नाही. दिवाळी अंकाने मानधन दिलं (किंवा नेहमीप्रमाणे नाही दिलं) तरी, तुम्ही लेखी हक्क दिलेला नसेल तर कथा तुमचीच. मेलमध्ये "अंकासाठी पाठवत आहे" एवढंच लिहिलं असेल तर उत्तम.

दोघांनी मिळून लिहिलं असेल तर आजच एक कागद करा. मैत्री आहे तोवर.

पायरी ४ : नोंदणी

सक्ती नाही तर करायची कशाला? नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. खोटं ठरवायचं तर ते काम समोरच्याचं. शिवाय परवानगीची बोलणी करताना नोंदणीचा क्रमांक दाखवला की माणसं एकदम "ताई"वरून "मॅडम"वर येतात, हा माझा अनुभव.

कॉपीराइट कार्यालय दिल्लीत, द्वारकेच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. तिथे जावं लागत नाही. कॉपीराइट डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर खातं उघडून फॉर्म १४ भरायचा. त्याला दोन जोडपत्रं असतात : एकात कृतीचा आणि हक्कदारांचा तपशील, दुसऱ्यात ती मूळ आहे, भाषांतर आहे की रूपांतर, हे.

हाताशी ठेवा :

- कृतीची पूर्ण पीडीएफ, पहिल्या पानावर नाव आणि लेखक
- ओळखपत्र
- सहीचा स्वच्छ स्कॅन
- अर्जदार आणि लेखक वेगळे असतील तर लेखकाचं ना हरकत पत्र
- प्रकाशित असेल आणि प्रकाशक दुसरा असेल तर प्रकाशकाचं ना हरकत पत्र
- मुखपृष्ठावर कुणा व्यक्तीचा फोटो असेल तर त्या व्यक्तीचं ना हरकत पत्र
- वकिलामार्फत करत असाल तर मुखत्यारपत्र

साहित्यकृतीचं किंवा नाटकाचं शुल्क एका कृतीला ५०० रुपये. (ध्वनिमुद्रणाला २,०००, चित्रपटाला ५,०००.) एका अर्जात एकच कृती. कथासंग्रह एक कृती म्हणून नोंदवता येतो. वीस कथांचे वीस अर्ज करायची गरज नाही. एजंट "पॅकेज" सांगतात, त्यांना आधी विचारा की यात सरकारी फी किती. उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पैसे भरले की डायरी क्रमांक मिळतो. मग ३० दिवस थांबायचं, कुणाची हरकत येते का बघायला. आली तर दोन्ही बाजूंचं ऐकतात. नाही आली तर अर्ज तपासणीला जातो, आणि बहुतेकांचं घोडं इथे अडतं, कारण त्रुटीचं पत्र येतं.

माझं आलं ते असं. एकांकिका प्रकाशित आहे असं मी लिहिलं होतं, म्हणजे प्रकाशक आला, म्हणजे ना हरकत पत्र आलं. तो दिवाळी अंक तर बंद पडून चार वर्षं झालेली. संपादकांच्या घरी गेले. त्यांनी प्रेमाने बसवलं, जुनं लेटरहेड शोधायला अर्धा तास घेतला, आणि "आमची काही हरकत नाही" एवढंच लिहून सही केली. ते चाललं नाही. पत्रात कृतीचं नाव, लेखकाचं नाव, प्रकाशनाचं वर्ष आणि 'यांच्या नावे नोंदणी होण्यास हरकत नाही' हे स्पष्ट हवं. पुन्हा फेरी. म्हणून शक्य असेल तर प्रकाशनाआधीच, अप्रकाशित कृती म्हणून नोंदवा. पुढे पुस्तक निघालं की बदलाची नोंद वेगळ्या अर्जाने करता येते.

दुसरी चूक नावाच्या इंग्रजी स्पेलिंगची. आधारवर एक, पुस्तकावर दुसरं, अर्जात तिसरं. एकच धरा, आणि टोपणनाव असेल तर 'उर्फ' म्हणून अर्जातच घाला. त्रुटीच्या पत्राला त्यात दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, नाहीतर फी गेली आणि पुन्हा श्रीगणेशा. मला नोंदीचा उतारा मिळायला सात महिने लागले. रोज संकेतस्थळ उघडून बघितल्याने ते कमी होत नाहीत, हे प्रयोगाने सिद्ध केलं आहे.

पायरी ५ : करारनामा. इथे थांबा आणि हळू वाचा

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी करारनामा म्हणून एक पान समोर आलं. पुस्तक निघतंय याच आनंदात होते. त्यात ओळ होती : "सदर पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील." वाचली होती. वाटलं, छापायचा हक्क असेल. सात वर्षांनी एका ऑडिओवाल्यांनी त्यातली कथा मागितली तेव्हा कळलं की 'सर्व' म्हणजे सर्व.

हक्क एक नसतो, जुडी असते. छापणं, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, नाट्यरूपांतर, सिनेमा-मालिका, अभिवाचन, प्रत्येक काडी वेगळी देता येते. प्रकाशकाला मराठी छापील आवृत्तीचा हक्क द्या, त्याला तोच लागतो. सिनेमाचा हक्क त्याच्या कपाटात ठेवून तो त्याचं काय करणार आहे, हे नम्रपणे विचारा.

हक्क सोपवणं आणि परवाना देणं यातही फरक आहे. सोपवला म्हणजे घर विकलं; परवाना म्हणजे भाड्याने दिलं. करारात 'हस्तांतरित' किंवा 'अभिहस्तांतरण' असा शब्द दिसला की पेन खाली ठेवा.

कायदा इथे लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे, आपल्याला माहीत नसतं इतकंच. कलम १९ म्हणतं : हक्क सोपवणं लेखी आणि सहीनिशीच हवं, तोंडी चालत नाही. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला काय, हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात तो वापरलाच नाही तर तो हक्क परत येतो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर.

वकिलांनी माझं ते एक पान उलटसुलट पाहिलं आणि हसले. मुदतीचा शब्दच नव्हता. २०१४ ची सही, २०१९ ला पाच वर्षं संपलेली, आणि मी २०२१ मध्ये रडत बसले होते. प्रकाशकांना रीतसर पत्र पाठवलं, शिल्लक प्रती विकायला हरकत नाही म्हणून कळवलं, आणि ऑडिओचा व्यवहार स्वतः केला. त्या पानावर 'कायमस्वरूपी' एवढा एक शब्द असता तर ही पळवाट मिळाली नसती. तो शब्द तुमच्या कागदावर आहे का, आत्ता उठून बघा.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली : करार करताना अस्तित्वात किंवा वापरात नसलेल्या माध्यमाचा हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, दिला असं धरत नाहीत. म्हणूनच आजकालच्या करारांत 'भविष्यात येणारी सर्व माध्यमे' हे शब्द आवर्जून असतात. ते खोडायला सांगा.

मानधनाचा हिशेब. '१० टक्के' ऐकून खूश होऊ नका, कशावर ते विचारा. ३०० रुपयांचं पुस्तक, छापील किमतीवर १० टक्के म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. विक्रेत्याला ४० टक्के सूट देऊन हाती आलेल्या १८० रुपयांवर १० टक्के म्हणजे १८. टक्के तेच. शिवाय आवृत्ती किती प्रतींची, हिशेब वर्षातून किती वेळा, आणि लेखकाच्या भेटप्रती किती, हे लिहून घ्या. पुस्तक उपलब्ध नाही अशी स्थिती ठरावीक महिने राहिली तर हक्क परत येतील, हे वाक्यही घालून घ्या. पहिल्या पुस्तकाला सगळं मिळणार नाही. मुदत आणि माध्यमं या दोन गोष्टींवर मात्र अडून बसा, बाकी सोडलं तरी चालेल असं माझं मत.

एक गोष्ट विकूनही तुमच्याकडे राहते. कलम ५७ प्रमाणे कृतीवर आपलं नाव असण्याचा हक्क, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क, हक्क सोपवल्यानंतरही लेखकाचा असतो.

मृत्युपत्रात लेखनाचा उल्लेख करा. फ्लॅट कुणाला हे लिहितात, पुस्तकं कुणाला हे लिहीत नाहीत, आणि मग नाटकाच्या एका प्रयोगासाठी पाच वारसांच्या सह्या गोळा करत आयोजक फिरतो.

पायरी ६ : चोरी झालीच तर

आधी पुरावा, मग राग. फेसबुकवर पोस्ट टाकण्याआधी स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, पत्रिकेचा फोटो जमवा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं (आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली), म्हणून ज्या मोबाइलवर काढलंत तो जपून ठेवा.

मग पत्र. शांत भाषेत : ही कृती माझी, हा पुरावा, नाव लावा, थांबवा किंवा मानधन द्या, इतक्या दिवसांत उत्तर द्या. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. उगाच धमकी मात्र देऊ नका. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध समोरचाच कोर्टात जाऊ शकतो, कलम ६०.

नेटवर असेल तर ज्या सेवेवर ती फाइल आहे त्या कंपनीला लेखी तक्रार करा. नियमाप्रमाणे त्यांनी ३६ तासांत ती बंद करायची असते, पण २१ दिवसांपुरती. तेवढ्यात तुम्ही न्यायालयाचा आदेश आणला नाहीत तर ते पुन्हा सुरू करू शकतात. टेलिग्रामवर पुस्तकांच्या पीडीएफ वाटणाऱ्यांना आपण अदृश्य आहोत असं वाटतं. २०२२ मध्ये स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लिहिणाऱ्या एका लेखिकेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांचा तपशील द्यायला लावला आहे.

दिवाणी दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायालयातही करता येतो, चोर दुसऱ्या राज्यात असला तरी. फौजदारी बाजूला कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ : सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं, म्हणजे पोलिसांनी तक्रार घ्यायलाच हवी. ठाण्यात जाताना कलमाची छापील प्रत न्या. उपयोग होतो.

आणि समोरच्याची सवलतही माहीत असू द्या. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेला प्रयोग, किंवा शाळा-कॉलेजात फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे झालेला प्रयोग कलम ५२ मध्ये चालतो. परीक्षणासाठी चार ओळी उद्धृत करणंही. माझ्या बाबतीत स्पर्धेला तिकीट होतं, आणि नाव पुसणं तर तसंही कशात बसत नाही.

पायरी ७ : परवानगी देताना

त्या कॉलेजच्या नाट्यमंडळाच्या सरांचा फोन आला. मुलांना ती संहिता टाइप केलेल्या पानांवर, लेखकाच्या नावाशिवाय मिळाली होती. कुणीतरी 'माझीच' म्हणून सांगितलं होतं. खरं असावं. मी तीन प्रयोगांचं मानधन घेतलं आणि परवानगीपत्र दिलं. तेव्हापासून हाच नमुना वापरते :

"(कृतीचं नाव) या माझ्या एकांकिकेचे (संस्थेचं नाव) यांना (तारीख) ते (तारीख) या काळात महाराष्ट्रात (संख्या) प्रयोग करण्यास परवानगी देत आहे. प्रतिप्रयोग मानधन (रक्कम) रुपये, प्रयोगापूर्वी द्यावे. पत्रिका, जाहिरात आणि घोषणेत लेखकाचे नाव द्यावे. चित्रीकरण, ऑनलाइन प्रसारण आणि भाषांतराची परवानगी यात नाही. लेखी संमतीशिवाय संहितेत बदल करू नये."

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना देताना देशाचं नाव घाला आणि रेकॉर्डिंगची ओळ ठळक करा. तिकडून व्हिडिओ आधी येतो, फोटो नंतर.

पत्र गेलं त्याच संध्याकाळी दिग्दर्शक मुलाचा मेसेज आला. स्टेजवर कुकर वाजवणं अवघड जातंय, त्याऐवजी मिक्सर चालेल का, मॅडम? मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून फोटो पाठवला.